पॉलिसी वडिलांची, स्टिअरिंग पोराच्या हातात: सोलापुरातल्या एका गाडीचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम असलेलं घर. गाडी एकच. १,४९८ सीसीची, डिझेल, चार वर्षांची, एमएच १३ पासिंग, वडिलांच्या नावावर. ती चालवणारे दोघं: अठ्ठावन्न वर्षांचे अण्णा, ज्यांचा काटा साठच्या वर जात नाही, आणि चोवीस वर्षांचा धाकटा, ज्याच्यामुळं हे प्रकरण लिहायची वेळ आली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, अशाच आणखी एका घराचे कागद यात मिसळलेत आणि रकमा हिशेबाला सोप्या केल्यात. कायदा आणि सरकारी दर मात्र जसेच्या तसे ठेवलेत.

पॉलिसी एप्रिलमध्ये संपत होती. मार्चअखेरीला अण्णांचा फोन आला. "पोराच्या केसमुळं इन्शुरन्स किती वाढंल ओ? डबल होईल का?"

खरं उत्तर विचित्र आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमुळं प्रीमियम एक रुपयानंही वाढला नाही. वाढला तो वेगळ्याच कारणानं. आणि ज्या केसचा प्रीमियमवर ओरखडासुद्धा उठला नाही, तीच या घराला अकरा लाखांत पाडू शकते.

वर्षभरात काय काय झालं

दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून बाहेर काढताना धाकट्यानं मागचा बंपर गेटच्या खांबाला घासला. क्लेम केला. डिसेंबरात पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडं गाडीची डावी बाजू दुभाजकाला लागली. दुसरा क्लेम. ३१ डिसेंबरच्या रात्री सात रस्त्याला नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकर मारली तर आकडा ६८. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. कोर्टानं दहा हजार दंड केला. अण्णांनी तो भरला, गाडी सोडवून आणली आणि घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

घराच्या लेखी विषय तिथं संपला होता, कायद्याच्या लेखी नाही. १८५ च्या केसमध्ये पोलीस लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडं पाठवतात. तो बाजू ऐकून घेऊन पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी गाडी चालवायला अपात्र ठरवू शकतो, दुसऱ्याला लायसन्स रद्दच करू शकतो. विजापूर रोडच्या आरटीओतून नोटीस घरी आली, सुनावणी झाली, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांचा आदेश निघाला. लिफाफा अण्णांच्या टेबलावर होता. धाकट्याचं म्हणणं, "मोबाइलमध्ये लायसन्स दिसतंय की." मोबाइलमध्ये जुना फोटो दिसत होता. लायसन्सच्या नोंदी दाखवणाऱ्या सरकारी सारथी पोर्टलवर नंबर टाकला असता तर निलंबन दिसलं असतं. तो कुणीच टाकला नाही.

मार्चच्या मध्यावर दुपारी चारच्या सुमाराला होटगी रोडवर इंडिकेटर न देता त्यानं गाडी उजवीकडं घेतली. मागून येणारा दुचाकीस्वार आदळला. दुसऱ्या कारखान्यातला लूमवरचा कामगार, वय ३४, डावा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या दिवशी धाकट्यानं दारूचा थेंबही घेतलेला नव्हता. पोलिसांनी तपासणी केली, ती निरंक आली. अण्णांचा सगळा जीव त्या निरंक कागदावर होता: "पिलेला नव्हता, मग क्लेम मिळणारच ना?"

प्रीमियमचा हिशेब

गाडीच्या विम्यात दोन खाती असतात, आणि बहुतेक मालक ती एकच समजतात. पहिलं थर्ड पार्टी: आपल्या गाडीनं दुसऱ्याला मारलं, जखमी केलं, त्याची वस्तू मोडली, त्याची भरपाई. कलम १४६ प्रमाणं हे सक्तीचं. याचा दर केंद्र सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून खासगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसी ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. रक्कम इंजिनावर ठरते. चालवणारा संत आहे की रोज ढाब्यावरून परत येणारा, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. अण्णांचे ३,४१६ आधीही होते आणि नंतरही तेवढेच राहिले.

दुसरं खातं ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. इथं कंपनीला मोकळीक आहे. २००७ पासून दर खुले झाले, तरी जुन्या टॅरिफचे, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकाचे, टक्के अजून पाया म्हणून वापरात आहेत. त्या टॅरिफमध्ये देशाचे दोन झोन आहेत. मुंबई-पुण्यासह आठ मोठी शहरं अ झोनमध्ये, सोलापूर ब मध्ये. पाच वर्षांच्या आतल्या, १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला पुण्यात ३.२८३ टक्के, सोलापुरात ३.१९१. झोन ठरतो पासिंगवर. पुणे पासिंगची गाडी कौतुकानं सोलापुरात आणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. फरक फार नाही म्हणा.

अण्णांच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ८ लाख. तिच्यावर ३.१९१ टक्क्यांनी २५,५२८ रुपये. कंपनी यावर ६० टक्के सूट देत होती, उरले १०,२११. जुन्या गाडीवरून आणलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, होता, उरले ५,१०६. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि १८ टक्के जीएसटी धरून १०,०५६. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा, तो इथं सोडून देतो.

दोन क्लेमनंतर बोनस शून्य. कंपनीची सूट ६० वरून २५ टक्क्यांवर आली. ओन डॅमेज १९,१४६, थर्ड पार्टी ३,४१६, जीएसटी धरून २६,६२३. म्हणजे १६,५६७ रुपयांची वाढ, आणि ती सगळी बंपर आणि दुभाजकाची. नाकाबंदीची त्यात एक दमडीही नाही.

विम्याच्या लांबलचक प्रस्ताव अर्जात चालकाला पूर्वी अपघातासाठी दोषी ठरवलंय का, खटला चालू आहे का, असा प्रश्न असतो. पण रिन्यूअलच्या वेळी तो अर्ज बघतो कोण? मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला, मागच्या वर्षी क्लेम होता का यावर खूण केली, पैसे भरले, झालं. वाहतूक गुन्ह्यांना गुण लावून त्यावर प्रीमियम वाढवावा, दारू पिऊन चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त, अशी शिफारस विमा नियामकाच्या एका कार्यगटानं २०२१ मध्ये केली होती. अण्णांच्या पावतीवर तरी तसा रकाना नाही. माझं मत विचाराल तर तो असायला हवा होता. जानेवारीतच पावती दुप्पट झाली असती तर अण्णांनी किल्ली कपाटात ठेवली असती. व्यापारी माणूस, पावतीवरचा आकडा त्याला लगेच समजतो. टेबलावरचा सरकारी लिफाफा नाही समजत.

बंपरच्या क्लेमबद्दल थोडं सविस्तर, कारण ही चूक निम्मं सोलापूर करतं. वर्कशॉपचं बिल १०,२००. त्यात बंपरचे ६,४००, बाकी मजुरी. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे मिळाले ३,२००. वरचे ३,८०० धरून ७,०००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची कपात गेली. हातात ६,०००. आता बोनस किती गेला ते बघा. शून्यावरून परत ५० वर यायला २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या वर्षी ५० टक्क्यांचं नुकसान, मग ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. सूट आणि आयडीव्ही तीच राहिली असं धरलं तर १०,२११ च्या सव्वापट १२,७६४, जीएसटीसह १५,०६१. आयडीव्ही दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तरी सहा हजारांसाठी दुपटीहून जास्त गेले. वर्कशॉपवाला "क्लेममध्ये करून टाकू मालक" म्हणतो तेव्हा तो स्वतःचा फायदा बघत असतो, तुमचा नाही. पुढं दुभाजकाचा क्लेम येणारच होता हे खरं, पण ऑक्टोबरात ते कुणाला माहीत होतं?

सुचवलेल्या दोन युक्त्या

अण्णांच्या साडूचा मुलगा पॉलिसी काढून देतो. त्यानं सांगितलं, "काका, कंपनी बदलू. नवीन ठिकाणी क्लेम नाही म्हणून टाकू, बोनस तसाच राहतोय." आकडा खरोखर खाली आला. बारा हजारांच्या आत.

हे करू नका, असं मी अण्णांना स्पष्ट सांगितलं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनस पडताळून घेते, आणि आता ही माहिती काढणं अवघड राहिलेलं नाही. खोटं निघालं तर ओन डॅमेजचा क्लेम नेमका गरजेच्या वेळी अडकतो. चौदा हजार वाचवायला आठ लाखांची गाडी उघड्यावर ठेवायची, हा धंदा टॉवेलच्या व्यवहारात अण्णांनी कधी केला नसता.

दुसरी युक्ती घरातूनच आली: गाडी पोराच्या नावावर करा, म्हणजे त्याचं तो बघून घेईल. याचाही उपयोग नाही. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. पोराचा बोनस मुळात शून्य. मालक-चालक अपघात विम्याला मालकाकडं वैध लायसन्स लागतं, ते त्याच्याकडं त्या घडीला नाही. आणि मार्चमध्ये झालेल्या अपघाताची जबाबदारी एप्रिलमध्ये नाव बदलून सरकत नाही. अपघाताच्या दिवशी आरसी बुकात ज्याचं नाव, तो मालक.

कुंकवाचा डाग पडलेलं पान

अण्णांकडं पॉलिसीची छापील प्रत होती. लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर तीही पुजलेली, त्यामुळं पहिल्या पानावर कुंकवाचा डाग. आयडीव्ही आणि रक्कम एवढंच त्यांनी आजवर वाचलं होतं. मी त्यांना त्याच पानाच्या तळाशी असलेला बारीक टाइपातला चालकाविषयीचा परिच्छेद दाखवला. त्याचा आशय असा: विमाधारकासह कोणीही गाडी चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडं चालू लायसन्स असावं आणि लायसन्स धारण करायला त्याला अपात्र ठरवलेलं नसावं.

अण्णांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं, परत वाचलं. मग म्हणाले, "हे आधीपासूनच आहे काय?"

आधीपासूनच आहे. सगळ्यांच्या पॉलिसीवर आहे. "कोणीही" हा शब्द वाचून माणूस निर्धास्त होतो आणि "मात्र"च्या पुढं जात नाही.

म्हणून तो निरंक कागद उपयोगाचा नव्हता. दारूचा मुद्दा त्या दिवशी नव्हताच, मुद्दा होता फेब्रुवारीच्या आदेशाचा. तीन महिने पुरे झालेले नव्हते. अण्णांच्या गाडीच्या हेडलाइटचा आणि बंपरचा क्लेम कंपनीनं सरळ नाकारला, आणि ते नियमाला धरूनच होतं. प्यायलेला असता तरी नाकारलाच असता. दारूच्या अंमलाखाली झालेलं नुकसान पॉलिसीबाहेर असतं, आणि श्वासाची चाचणी झालेली नसली तरी परिस्थितीवरून कंपनी ते सिद्ध करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या एप्रिलमध्ये एका महागड्या मोटारीच्या प्रकरणात म्हटलंय. धाकट्याच्या खांद्याला लागलं होतं. मालक-चालक अपघात विमा अण्णांचा, त्याचा नाही. दवाखान्याचा खर्च घरातून.

अकरा लाख येतात कुठून

जखमी कामगारानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केलाय. मालक, चालक आणि विमा कंपनी असे तिघं प्रतिवादी. भरपाई कशी काढतात ते अण्णांना वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं.

पगार महिना १५,०००, वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्या माणसाच्या उत्पन्नात पुढची वाढ म्हणून ४० टक्के धरतात, हे २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानं ठरलं. झाले २,५२,०००. वय ३४, म्हणजे गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला जितक्यानं गुणायचं तो आकडा) १६. गुणकांचं हे कोष्टक सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये घालून दिलं. आता अपंगत्व. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचे जे टक्के असतात ते जसेच्या तसे घेत नाहीत. त्या माणसाची कमाई त्यामुळं किती घटली ते बघतात. लूमवर दिवसभर उभं राहावं लागतं. ऑफिसात बसणाऱ्याचा पाय आखडला तर पगार सुरू राहतो, विणकराचा राहत नाही. वकिलांचा अंदाज वीस टक्के. २,५२,००० गुणिले १६, त्याचे २० टक्के, म्हणजे ८,०६,४००. दवाखाना १,६०,०००, सहा महिन्यांचा बुडालेला पगार ९०,०००, वेदनांपोटी ५०,०००. एकूण ११,०६,४००. व्याज वेगळं.

जखमेच्या किंवा मृत्यूच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी मोटारीत साडेसात लाखांची आहे. म्हणजे ३,४१६ रुपयांच्या पावतीमागं कंपनी हे अकरा लाख द्यायला बांधील होती. एका अटीवर.

कलम १५० मध्ये कंपनीला मोजक्याच सबबी दिल्यात. चालकाकडं लायसन्स नव्हतं, किंवा तो अपात्रतेच्या काळात गाडी चालवत होता, ही त्यातली एक. १ एप्रिल २०२२ पासून दारू-अमली पदार्थांच्या अंमलाखाली चालवणं हीही त्यात आली, आधी ती नव्हती. पण सबब असली म्हणून जखमी माणूस रिकाम्या हातानं जात नाही. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा असा आदेश देतं: कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. त्या वसुलीला वेगळा दावाही लावावा लागत नाही, त्याच निवाड्यावर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, करता येते.

कामगाराला पैसे मिळतील, ही यातली चांगली बाजू. वसुली अण्णांकडून होणार, ही दुसरी.

वाचायला एक वाट होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लायसन्समध्ये खोट होती एवढं दाखवून भागत नाही, मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली हे कंपनीनं सिद्ध करायला हवं. न विचारता गाडी नेली, असं म्हणता आलं असतं तर अण्णांची बाजू उभी राहिली असती. ओळखीच्या दोघांनी तसं म्हणायला सांगितलंही.

कारखान्याच्या गेटवर रजिस्टर आहे. वॉचमन प्रत्येक गाडीची वेळ, नंबर आणि चालवणाऱ्याचं नाव लिहितो. माल चोरीला जाऊ नये म्हणून अण्णांनीच ही शिस्त लावलेली. फेब्रुवारी-मार्चच्या पानांवर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, "छोटे मालक" पुन्हा पुन्हा आलंय, कधी सकाळी नऊला, कधी रात्री दहाला, आणि दोन ठिकाणी त्याच्याच खालच्या ओळीत अण्णांची स्वतःची एंट्री आहे. पोलिसांनी त्या पानांच्या प्रती घेतल्या. आरटीओची नोटीस घरच्या पत्त्यावर पोचल्याची सही अण्णांची. माहीत नव्हतं, हे कुठल्या तोंडानं म्हणणार?

शिवाय फौजदारी बाजू आहेच. अपात्र असताना चालवलं म्हणून धाकट्यावर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. चालवू दिलं म्हणून अण्णांवर कलम १८०: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं कलम भारतीय न्याय संहितेतलं, ते पोरावर. अण्णांना सगळ्यात जास्त लागलं ते १८० चं. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, एक चलान नाही, आणि आता आरोपी.

सॅन होजेचा पुतण्या

या सगळ्या गोंधळात अण्णांच्या पुतण्याचा व्हॉट्सअॅप कॉल आला. तो कॅलिफोर्नियात असतो. त्यानं सांगितलं ते अण्णांना खोटं वाटलं, पण तिथली पद्धत तशी आहे. तिकडं कंपनीला घरातल्या प्रत्येक चालकाचं नाव, वय आणि गुन्ह्यांची नोंद द्यावी लागते, त्यावर दर ठरतो. दारू पिऊन चालवताना सापडलं की कंपनीनं राज्याच्या वाहन खात्याला एसआर-२२ नावाचा दाखला द्यावा लागतो, की या माणसाचा किमान विमा चालू आहे. साधारण तीन वर्षं. मध्येच पॉलिसी बंद पडली तर कंपनीच खात्याला कळवते. चांगल्या चालकाला मिळणारी किमान २० टक्के सूट अशा केसनंतर दहा वर्षं मिळत नाही. कुणीच विमा द्यायला तयार नसेल तर राज्याची वाटप योजना आहे, ती एखाद्या कंपनीच्या गळ्यात हा माणूस मारते. आपल्याकडं असं काहीसं मालवाहू गाड्यांच्या थर्ड पार्टीसाठी होतं. २००७ ते २०१२ सगळ्या कंपन्यांचा सामायिक पूल, म्हणजे जोखीम आपसात वाटून घ्यायची सोय, मग काही वर्षं नाकारलेल्या जोखमीचा पूल. सोलापूरच्या जुन्या ट्रकमालकांना तो काळ आठवत असेल.

तिकडच्या माणसाला विमा महाग पडतो, पण त्याच्या अंगावरची जबाबदारी त्या महागड्या पॉलिसीत बसते, निदान तिच्या मर्यादेपर्यंत. आणि ती मर्यादा तशी लहान: कॅलिफोर्नियात २०२५ पासून एका जखमीला किमान ३०,००० डॉलर, एका अपघाताला ६०,०००. आपल्याकडं पॉलिसी स्वस्त, संरक्षण अमर्याद, पण अट मोडली की ओझं फिरून मालकाच्या घरी. "म्हणजे आपल्याकडं नंतर घेतात," अण्णा म्हणाले. बरोबर बोलले.

शेवटी काय केलं

तीन वाटा होत्या. नुसती थर्ड पार्टी, जीएसटीसह ४,०३१. कायदा भागतो, पण गाडी जळाली, चोरीला गेली, पुरात बुडाली तर हात वर. चार वर्षांच्या, आठ लाखांच्या गाडीला मी हे सुचवलं नाही. दुसरी, किलोमीटरवर किंवा चालवण्याच्या सवयीवर प्रीमियम ठरवणारी जोड. २०२२ च्या जुलैमध्ये नियामकानं तिला परवानगी दिली. गाडी वर्षाला फार फिरत नाही, त्यामुळं थोडी बचत झाली असती. अण्णांना गाडीत यंत्र बसवायचं नव्हतं. तिसरी, त्याच कंपनीत पूर्ण पॉलिसी, दोन्ही क्लेम खरे दाखवून, २६,६२३. ती घेतली. मुदत संपायच्या आत, म्हणजे गाडीची तपासणी परत करावी लागली नाही.

आणि ड्रायव्हर ठेवला. पगारी ड्रायव्हरच्या बाबतीतली मालकाची जबाबदारी पॉलिसीत घ्यायला वर्षाला ५० रुपये लागतात, त्याचा पगार मात्र महिना १३,०००. वर्षाचे १,५६,०००. प्रीमियमची वाढ साडेसोळा हजार आणि पोराच्या हातातून स्टिअरिंग काढून घ्यायचा खर्च दीड लाखाच्या वर. अण्णांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "एवढ्या पैशात पोराला समजावता आलं नसतं काय?" त्यावर अण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही.

धाकट्याची अपात्रता मेच्या सुरुवातीला संपते. तरी लायसन्स आपोआप हातात येत नाही, आधी चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पुरं करावं लागतं. त्याची चौकशी त्यानं स्वतः केली.

न्यायाधिकरणात कंपनीचं म्हणणं दाखल झालंय, अपेक्षेप्रमाणं सगळा भर फेब्रुवारीच्या आदेशावर. गेट रजिस्टर नाकारायचं नाही, असं अण्णांनी वकिलांना सांगितलंय. कामगाराच्या दवाखान्यात त्यांनी ५०,००० आधीच भरले होते. ती पावती जोडलीय, रक्कम भरपाईत धरली जावी म्हणून. कंपनी आणि कामगार दोघांची तयारी असेल तर लोकअदालतीत बसायचं, एवढं ठरलंय. रक्कम थोडी कमी झाली आणि वसुलीला हप्ते मिळाले तरी कारखान्याचं भांडवल हलणार नाही, हा वकिलांचा हिशेब.

नव्या ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो अण्णांनी परवा मला पाठवला, "बघा, ठीक आहे का?" फोटो नको, नंबर आणि जन्मतारीख पाठवा, सारथीवर बघून सांगतो, असं कळवलंय.